चाबूक कुठल्या हातात

माझ्या धाकट्या भावाला सगळे डावऱ्याच म्हणतात. आई होती तोवर तीही त्याच नावाने हाक मारायची, त्यामुळे खरं नाव आता त्यालाही आठवून सांगावं लागत असेल. लहानपणी त्याचा डावा हात बांधून बघितला, रागावून बघितलं, लाडीगोडी लावून बघितली, पण गडी बधला नाही. बाबांनी पहिल्यांदा घोडागाडीवर बसवलं तेव्हा त्याने लगाम घेतला उजव्या हातात आणि चाबूक डाव्यात. बाकीच्या गाडीवानांचं बरोबर उलटं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, घोडा थोडाच तक्रार करणार आहे." बाबा गेल्यावर त्यांची गाडी, घोडा आणि अड्ड्यावरच्या रांगेतली त्यांची जागा डावऱ्याकडे आली. अड्ड्यावर जागा असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात गाडी नाही त्याला सांगून कळायचं नाही. रांगेत उभं राहिलं तरच गिऱ्हाईक मिळतं, आणि कुणाला उभं राहू द्यायचं ते रांगेतले बाकीचे ठरवतात.

मी दगड घासते. हसू नका, तेच माझं काम आहे. आमच्या शिळाप्रेसमध्ये चित्रं दगडावर काढून छापतात. दगड म्हणजे रस्त्यातला धोंडा नव्हे, फरशीसारखा सपाट आणि गुळगुळीत केलेला जाड दगड. चित्रकार त्यावर तेलकट खडूने चित्र काढतो. मग दगड ओला करून वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघांना धरते, बाकीचा ओला दगड तिला उभं करत नाही. वर कागद ठेवून दाबला की झालं चित्र. हवे तेवढे कागद निघाले की तो दगड माझ्याकडे येतो. त्यावर वाळू आणि पाणी टाकायचं, दुसरा दगड उपडा ठेवायचा आणि गोल गोल फिरवत बसायचं, चित्र पार जाईपर्यंत. नवरा गेल्यावर मी डावऱ्याकडे राहायला आले, तेव्हापासून हेच करते आहे. माझे दंड बघितलेत तर मला पैलवानाची बहीण म्हणाल.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दगडावरचं चित्र कागदावर उलटं येतं, शिक्क्यासारखं. दगडावर जे उजवीकडे ते कागदावर डावीकडे. म्हणून चित्रकार आधी कागदावर काढतात, ते उलटं करून दगडावर उतरवतात, म्हणजे छापल्यावर सरळ येतं. आमच्या प्रेसमधल्या लोकांना याची इतकी सवय असते की छापलेला कागद समोर आला की आम्हाला तो मनातल्या मनात फिरूनच दिसतो. दगडावर काय होतं ते आधी दिसतं, कागद नंतर. बाहेरच्या माणसाला असं दिसत नाही, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही येत नाही.

त्या वर्षी एक चित्रकार आमच्याकडे यायला लागला. पेपरवाले त्याला इम्प्रेशनिस्ट म्हणायचे. म्हणजे काय, असं मी मालकांना विचारलं, तर म्हणाले, "चित्र अर्धवट सोडलं की इम्प्रेशनिस्ट." त्याला राजे नको होते, लढाया नको होत्या, त्याला रस्ता हवा होता. झाडूवाली, टोपल्या घेतलेल्या बायका, छत्री सावरत घाईने निघालेला कारकून. चार फराटे, दोन ठिपके, झाली बाई. जवळून बघितलं तर नुसती काजळी सांडल्यासारखी दिसायची, आणि जरा मागे सरलं की तीच बाई आता वळून आपल्याकडे बघेल असं वाटायचं. मला आवडायची त्याची चित्रं, खोटं कशाला बोलू. ती घासायला जीव व्हायचा नाही.

हा चित्रकार एक दिवस मालकांशी हुज्जत घालायला लागला. म्हणाला, "आधी कागदावर काढा, मग उलटं करा, मग दगडावर उतरवा, तेवढा वेळ रस्ता माझ्यासाठी थांबणार आहे का? मला दिसेल तसं थेट दगडावर काढायचंय." मालक म्हणाले, "उलटं येईल." तो म्हणाला, "येऊ दे. दोन्ही बाजूंची घरं एकसारखीच तर आहेत, कुणाला कळतंय." दुकानांच्या पाट्यांवर त्याने अक्षरं काढायचीच नाहीत, नुसत्या वळवळत्या रेघा मारायच्या, असं ठरलं. दोघा माणसांनी दगड माडीवरच्या खिडकीत नेऊन ठेवला.

नेमका तो संपाचा दिवस होता. नगरपालिकेने गाड्यांचा अड्डा बाजारातून उचलून पार गावाबाहेर कत्तलखान्यापाशी न्यायचा घाट घातला होता. गाडीवानांनी शपथ घेतली होती की त्या दिवशी एकही गाडी बाहेर काढायची नाही, सगळ्यांनी पायी मोर्चाने नगरपालिकेवर जायचं. डावऱ्या आदल्या दिवसापासून घोषणा पाठ करत होता. पण पहाटे घोड्याला पोटशूळ उठला. घोड्याचं पोट दुखायला लागलं की त्याला लोळू द्यायचं नसतं, सारखं चालवत ठेवावं लागतं, नाहीतर आतडं पिळवटून घोडा जातो. मी कामावर दांडी मारली आणि आम्ही दोघं आळीपाळीने त्याला मागच्या अंगणात फिरवत राहिलो. शेजारीपाजारी सगळे मोर्चाला गेलेले, चिटपाखरू नव्हतं. दुपारी घोड्याने एकदाची लीद टाकली, तेव्हा आम्ही बहीणभाऊ तिथेच मातीत बसून हसत सुटलो. लीद बघून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

संप फत्ते झाला. नगरपालिकेने तूर्तास माघार घेतली.

मग चित्र छापून आलं. नाव ठेवलं होतं 'संपाच्या दिवशीचा रस्ता'. मी ते पहिल्यांदा बघितलं ते दोरीवर वाळत घातलेलं. अड्डा ओकाबोका, लोक रस्त्याच्या मधोमध बिनधास्त चाललेले, कोपऱ्यावर पेपरवाला, आणि या सगळ्यातून अंग चोरून पळाल्यासारखी एकच घोडागाडी. छत ओढून घेतलेलं, आत कुणीतरी बसलेलं, आणि गाडीवानाचा चाबूक वर गेलेला. कुणीतरी शपथ मोडून गाडी काढली होती. मी मनातल्या मनात त्याला एक सणसणीत शिवी घातली. त्याचा चाबूक उजव्या हातात होता. म्हणजे कागदावर डाव्या हातात दिसत होता, पण मला तो उजवाच दिसला. सांगितलं ना, आम्हाला तसंच दिसतं.

चित्र गाजलं. पेपरात आलं की आपला रोजचा रस्ता जसाच्या तसा कागदावर उतरला आहे. अड्ड्यासमोरच्या चहावाल्याने एक विकत घेतलं, फ्रेम केली आणि आपल्या डोक्यामागे टांगलं, कारण त्यात त्याचं दुकान दिसत होतं म्हणे. दुकान कसलं, एक करडा डाग होता, आणि खरं तर तो समोरच्या न्हाव्याच्या दुकानाचा होता. पण त्याने ओळखलं आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायला लागला. गाडीवान चहाला तिथेच जमायचे.

एक दिवस मी कामाला निघाले होते तर डावऱ्या गाडी घेऊन परत आला. मला वाटलं घोड्याचं परत काही झालं.

"मला रांगेतून काढलं," तो म्हणाला.

"कुणी? का?"

"सगळ्यांनी. चहावाल्याच्या चित्रात मी आहे म्हणतात. डाव्या हातात चाबूक घेणारा अड्ड्यावर दुसरा कोण आहे, म्हणाले."

मी कपाळावर हात मारला. हसूच आलं मला, खरं सांगते. एवढंच ना, म्हटलं, चल, आत्ता जाऊन सांगू. दगडाचं चित्र उलटं येतं हे सांगितलं की झालं. मला वाटलं ही गोष्ट पाच मिनिटांची आहे.

अड्ड्यावर जाऊन मी सगळं समजावून सांगितलं. शिक्का कसा उलटा असतो, आरशात कसं दिसतं, दगडाचं काय होतं. गाडीवान ऐकत होते. त्यांच्यात एक टवाळ होता, लाल गळपट्टावाला, तो म्हणाला, "म्हणजे चित्रात डावा दिसतो तो उजवा. मग ही पुढे चाललेली बाई मागे चालली असेल." सगळे खो खो हसले. मी म्हटलं, "पेपरवाल्याला विचारा. तो रोज न्हाव्याच्या कोपऱ्यावर बसतो, चित्रात बघा, चहाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर बसलाय. कारण चित्र उलटं आहे." पेपरवाल्याला बोलावलं. या माणसाने जन्मात आपली जागा सोडलेली नाही, त्याच्या बुडाखालचा दगड गुळगुळीत झालाय. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गाडीवानांकडे बघितलं. त्याचे पेपर सकाळी गाडीवानच घेतात.

"मी काय," तो म्हणाला, "ऊन असेल तसा सरकतो."

चहावाला तर मी त्याचं दुकान न्हाव्याचं ठरवलं म्हणून अंगावरच आला. "आणि मोर्चाला का नव्हता तुझा भाऊ?" कुणीतरी मागून विचारलं. मी घोड्याच्या पोटदुखीचं सांगितलं. "नेमकं त्याच दिवशी दुखलं का पोट," असं म्हणून टवाळ पुन्हा हसला. मी म्हटलं, मी होते तिथे, मी साक्षीदार आहे. बहीण भावाच्या बाजूनेच बोलणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. डावऱ्या माझ्या मागे मान खाली घालून उभा होता. ज्यांच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला त्यातल्या एकानेही त्याच्याकडे बघितलं नाही. मला तिथल्या प्रत्येकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी मालकांकडे गेले. म्हटलं, तुम्ही अड्ड्यावर येऊन एक वाक्य बोला, चित्र उलटं आहे म्हणून. मालक शाई कालवत होते, त्यांनी मान वर केली नाही. "पेपरात आलंय, रस्ता जसाच्या तसा. आता मी उलटा आहे म्हणून सांगत सुटू? लोक फ्रेमसकट आणून माझ्या डोक्यात घालतील." मी म्हटलं, माझ्या भावाचं पोट त्यावर आहे. म्हणाले, "मग दुसरं काहीतरी काम बघायला सांग. घोड्यांचे दिवस तसेही राहिले नाहीत." म्हणजे यांचं दुकान नीट चालावं म्हणून माझ्या भावाने घोडा विकायचा. मी तोंडाला येईल ते बोलले. मालकांनी कानात बोळे घातल्यासारखं शाई कालवणं चालू ठेवलं.

मग चित्रकाराकडे. त्याची खोली शोधत गेले. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं आणि त्याला खरंच वाईट वाटलं, चेहरा पडला त्याचा.

"बाई, तो कोणीच नाही," तो म्हणाला. "सगळा रस्ता उजळ होता. मधे मला काहीतरी काळं हवं होतं. तेवढ्यात ती गाडी आली."

"पण आली ना? गाडीवान होता ना तिच्यावर?"

"होता."

"त्याचा कुठला हात वर होता ते आठवतं?"

त्याने डोळे मिटून आठवून बघितलं. "हात वर गेला एवढंच आठवतं. कुठला ते मी कधी बघतच नाही."

तरी तो बिचारा माझ्याबरोबर अड्ड्यावर आला. न आला असता तर बरं झालं असतं. गाडीवानांसमोर उभा राहून म्हणाला, हे चित्र म्हणजे रस्ता नव्हे, हे माझ्या डोळ्यांना क्षणभर जे वाटलं ते आहे. हा गाडीवान नाही, एक डाग आहे. टवाळ म्हणाला, "साहेब, डागाच्या हातात चाबूक कसा आला?" चित्रकार माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि निघून गेला. नंतर तो आमच्या प्रेसकडे फिरकला नाही.

आता एकच माणूस उरला होता. गाडीवानांच्या संघटनेचा पुढारी. बाबांच्या बरोबरीचा, आम्हाला अंगाखांद्यावर खेळवलेलं, मी त्याला काका म्हणते. शब्दाला वजन असलेला माणूस. तो म्हणेल ती अड्ड्यावर पूर्व दिशा. चित्राला मागणी होती म्हणून दगड अजून घासायला दिलेला नव्हता, प्रेसच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून होता. मालक जेवायला गेलेले बघून मी काकांना घेऊन आले. म्हटलं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा.

दगड टेबलावर आडवा केला आणि शेजारी छापलेला कागद ठेवला. काका वाकून बघायला लागले. बोट लावायला गेले तर मी हात धरला. "लावू नका काका, बोटाचं तेलसुद्धा उमटतं." त्यांनी हात मागे घेतला. दगडावर पेपरवाला न्हाव्याच्या कोपऱ्यावर बसला होता, जिथे तो रोज बसतो. आणि गाडीवानाचा चाबूक उजव्या हातात होता. काका कधी दगडाकडे, कधी कागदाकडे असं बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळलं. कळलेलं माणसाच्या तोंडावर दिसतं. माझ्या जिवात जीव आला.

"सांगाल ना आता सगळ्यांना?" मी विचारलं.

काका स्टुलावर बसले. "काय सांगू?"

"काय म्हणजे? तो डावऱ्या नव्हता म्हणून."

"मग कोण होता?"

"मला काय माहीत. उजव्या हाताने चाबूक मारणारा कुणीतरी."

"उजव्या हाताने आम्ही सगळेच मारतो, पोरी."

काकांनी दगडावरची नजर काढली नाही.

"नगरपालिकेने अड्डा हलवायची गोष्ट परत काढली आहे," ते म्हणाले. "पावसाळ्याआधी परत संप करावा लागणार. आता सगळ्यांना वाटतंय की आपल्यातली घाण होती ती निघाली. मी सांगितलं की निघाली नाही, ती अजून रांगेतच उभी आहे, फक्त ती कोण ते माहीत नाही, तर उद्या कोण कुणाच्या भरवशावर गाडी घरी ठेवेल? जो तो शेजाऱ्याकडे बघत बसेल. तुझ्या भावाला सोडवायचं तर बाकीच्या सगळ्यांना अडकवावं लागतं."

"म्हणून त्याचा बळी द्यायचा."

"बळी कसला? चूक कबूल करू दे, माफी मागू दे. मी त्याला रांगेत परत घेतो, बाबांच्याच जागेवर. माझा शब्द आहे. कबूल करणाऱ्याला लोक लगेच पोटाशी धरतात."

"पण त्याने केलंच नाही काही."

"मग तर कबूल करायला सोपं आहे," काका म्हणाले. मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, "काका, त्या दिवशी तुमची गाडी कुठे होती?"

ते उठले. रागावले नाहीत. थकल्यासारखे दिसले. "बघ, झालं की नाही सुरू?" ते म्हणाले. "सगळ्यात पहिलं माझ्यापासून. अड्ड्यावर कुणापासून होईल ते तूच विचार कर."

जाताना ते मालकांना दारातच भेटले आणि दोघं बाहेर उभं राहून काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी मालकांनी तो दगड घासायला काढला. मी सरळ नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी शाईच्या रुळावरच्या माणसाला बसवलं. चित्र तर त्याने घालवलं, पण दगड असा खाचाखळग्यांचा करून ठेवला की शेवटी तो सारखा करायला मलाच घ्यावा लागला.

डावऱ्या घरीच होता. रोज सकाळी घोड्याला खरारा करायचा, गाडीचे पितळी दिवे घासून लखलखीत करायचा, आणि मग पायरीवर बसून राहायचा. संध्याकाळी बाहेर पडायचा तेव्हा अड्डा लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने जायचा. एकदा त्याने रांगेबाहेर, पुलापाशी गाडी उभी करून बघितली, तर कुणीतरी चाकाचे आरे तोडून ठेवले. काकांनी त्याला निरोप पाठवला होता, हे मला त्यानेच सांगितलं.

"मी माफी मागणार आहे," तो म्हणाला.

"कशाची? घोड्याचं पोट दुखलं त्याची?"

"ताई, तू आता बास कर. जितकं तू बोलतेस तितकं ते चिडतात. तू तिथे गेली नसतीस तर आतापर्यंत विसरले असते."

हे मला लागलं. तरी मी म्हटलं, "तू एकदा हो म्हणालास की जन्मभर तूच तो. उद्या तुझ्या पोरांनाही सांगतील, याच्या बापाने शपथ मोडली म्हणून."

"सांगू देत. निदान मी अड्ड्यावर उभा असताना तरी सांगतील." त्याचे डोळे भरून आले होते. "मला घोड्याशिवाय काही येत नाही, आणि त्या लोकांशिवाय माझं कुणी नाही."

मी समोर उभी होते. त्याने ते बघितलं नाही आणि मी ते दाखवून दिलं नाही.

दुपारी अड्ड्यावर सगळे जमले. मी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाय राहिले नाहीत. घोड्यांच्या हौदापाशी जाऊन उभी राहिले. काका मधे होते. डावऱ्या टोपी हातात घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "माझं चुकलं. त्या दिवशी मी गाडी काढली. मला माफ करा." आवाज चांगला खणखणीत लागला होता. मला वाटतं त्याने पायरीवर बसून तेवढंच पाठ केलं होतं, घोषणा पाठ केल्या होत्या तसं.

काका लगेच पुढे सरसावले, पण त्या लाल गळपट्टावाल्या टवाळाने मधेच विचारलं, "पण का काढलीस? तुझे बाबा असते तर उपाशी राहिले असते, पण गाडी काढली नसती."

याचं उत्तर त्याने पाठ केलेलं नव्हतं. न केलेल्या गोष्टीचं कारण कुठून आणणार? तो गडबडला. कानामागे खाजवायला लागला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते. मग त्याची नजर हौदापर्यंत आली आणि मी त्याला दिसले.

"ताईने काढायला लावली," तो म्हणाला.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"घरात रोज कटकट," तो पुढे बोलत गेला, आणि बोलता बोलता त्याला ते जमायला लागलं. "संपाने पोट भरतं का म्हणाली. बाकीचे बसतील घरी, तुलाच गिऱ्हाईक मिळेल म्हणाली. मी नाही म्हणत होतो. पण ती माझ्यापेक्षा मोठी आहे. तुम्ही बघितलंच आहे तिचं तोंड."

"तरीच," कुणीतरी म्हणालं. "तरीच इतकी भांडत होती." आणि गर्दीतून हलकेच हसू फिरलं, सुटल्यासारखं. टवाळाने पुढे होऊन डावऱ्याच्या पाठीवर थाप मारली. ज्यांनी इतके दिवस त्याच्याकडे बघितलं नव्हतं ते आता त्याला कवेत घेत होते. चहावाल्याने सगळ्यांसाठी चहा आणला. काका एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "जा पोरी, आता घरी जा." मी, जिची जीभ सगळ्या रस्त्याला माहीत आहे, एक शब्द बोलू शकले नाही. बोलले असते तरी काय झालं असतं? माझं बोलणंच तर त्याने पुरावा म्हणून दिलं होतं.

संध्याकाळी डावऱ्या परत आला. गाडी सोडली, घोड्याला पाणी दाखवलं, हात धुऊन जेवायला बसला. त्याला त्या दिवशी दोन फेऱ्याही मिळाल्या होत्या. खाताना तो बराच वेळ ताटाकडेच बघत होता.

"काहीतरी सांगायला हवं होतं ना," शेवटी म्हणाला. "माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही."

"घोडा आजारी होता हे नाही आलं?"

"ते खरं होतं. खरं सांगून काय होतं ते तूच बघितलंस."

मी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. त्याला वाटलं माझी समजूत पटली. त्याचा चेहरा जरा मोकळा झाला, लहानपणी शिक्षा टळली की व्हायचा तसा.

"आणि तुला काय फरक पडतो, ताई?" तो म्हणाला. "तुला कुठे अड्ड्यावर उभं राहायचंय?"

त्याने रिकामं ताट माझ्यापुढे सरकवलं. घर बाबांचं होतं, म्हणजे आता त्याचं. मी वाढलं.